वचनावर मनन सुरू करताना
बायबल वाचताना रोज अख्खा अध्याय संपवायची घाई करू नका. एकच वचन घ्या, पण मागच्यापुढच्या ओळींसकट. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 (अध्याय 4, वचन 13) पाहा. सामर्थ्य देणाऱ्यामुळे मी सर्व काही करू शकतो, हे पुष्कळ जण परीक्षेतल्या यशासाठी धरून बसतात. वरच्या दोन ओळी वाचल्या की कळतं, बंदिवासातला प्रेषित पौल उपासमारीतही आणि भरल्या पोटीही समाधानी राहण्याबद्दल बोलतोय. केवढा फरक पडतो!

मग आजच्यापुरती एकच गोष्ट ठरवा. याकोब 1:19 (ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश असा) वाचलंत, तर घरात कुणी टोचून बोललं की आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, एवढंच. रात्री प्रार्थनेत ते देवापुढे मांडा, जमलं नसेल तरी. आणि स्तोत्र 88 सारखं अंधारातच संपणारं स्तोत्र आलं, तर ओढूनताणून आनंदी अर्थ काढू नका.