काटकसर नाही, तारतम्य

प्रश्न: मी एका संस्थेत अकाउंट्सला आहे. रिपोर्टमध्ये मी 'फंड्स शुड बी यूज्ड ज्युडिशियली' लिहिलं तर आमच्या मॅडमनी ते कापून 'ज्युडिशसली' केलं. दोन्हीत नेमका फरक काय? आणि ज्युडिशसली म्हणजे 'कमी वापरा' असंच ना, पाण्याच्या नळावरच्या पाटीवर तसंच वाचलंय. – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, मॅडमचं बरोबर आहे. ज्युडिशियली म्हणजे कोर्टामार्फत किंवा न्यायाधीशाच्या नात्याने, म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ फंड कोर्टाकडून वापरला जावा असा काहीतरी होत होता. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिनमधला न्यायनिवाड्याचा शब्द, पण ज्युडिशियल कोर्टापाशीच राहिला आणि ज्युडिशस मात्र फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत आला तो चांगली पारख, सारासार विचार असा अर्थ घेऊन, त्यामुळे तो कोणालाही लागू पडतो, न्यायाधीशालासुद्धा. २००४ मध्ये कल्याणचंद्र सरकार विरुद्ध राजेश रंजन या जामिनाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की जामीन देताना कोर्टाने आपला अधिकार ज्युडिशस पद्धतीने वापरावा, नेहमीचंच काम म्हणून नाही. अधिकार कोर्टाचाच, पण तो वापरायचा डोकं शाबूत ठेवून!

आता 'कमी वापरा'चं. हा गैरसमज खूप पसरलाय आणि मला तो मनापासून खटकतो, कारण त्यात शब्दाचा जीवच जातो. अँटिबायोटिक ज्युडिशसली वापरा असं डॉक्टर सांगतात तेव्हा साध्या सर्दीला, जी व्हायरसने होते, ते घेऊ नका हे त्यात आहेच, पण बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असेल तर योग्य औषध योग्य डोसमध्ये द्या हेही तितकंच आहे, तिथे हात आखडता घेणं अजिबात ज्युडिशस नाही. फंडाचंही तसंच, गळक्या छतावर जास्त खर्च करून उद्घाटनाच्या मंडपावर कमी केला तर तो ज्युडिशसलीच झाला, एकूण आकडा कितीही होवो. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला 'तारतम्याने' वाटतो. संस्कृतमधले तर आणि तम, म्हणजे लघुतर-लघुतममधले, त्यातूनच तो बनलाय, कशाला किती महत्त्व द्यायचं ते ओळखणं. 'जपून' म्हटलं तर निम्माच अर्थ येतो.

वापरताना एवढं बघा की सोबत निवडणं, खर्च करणं, वापरणं, छाटणं असं काहीतरी ठरवायचं काम असावं. 'ही स्लीप्स ज्युडिशसली' कोणी म्हणत नाही. शिवाय शब्द लेखी थाटाचा आहे, रिपोर्टला, अर्जाला शोभतो, घरी मुलाला पॉकेटमनीबद्दल सांगताना वाइजली पुरे.

याच्याच शेजारचा ॲडव्हायजेडली पण बऱ्याच जणांना फसवतो, त्याचा अर्थ कोणाच्या सल्ल्याने असा नसून 'हा शब्द मी पूर्ण विचार करून, मुद्दामच वापरतोय' असा असतो.