घर शांत ठेवता ठेवता

ताई,

आमचे हे सहा वर्षांपूर्वी फौजेतून हवालदार होऊन घरी आले. चोवीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच काश्मीरमध्ये. चौदा वर्षांपूर्वी तिथे यांच्या पुढची गाडी स्फोटात उडाली. तिच्यात यांचा जोडीदार होता. त्या दिवशी दोघांनी जागा बदलल्या होत्या. हे मला यांच्या एका पलटणवाल्याकडून कळलं, यांनी स्वतः आजवर एक शब्द काढलेला नाही. आता साखर कारखान्यावर सिक्युरिटीत आहेत. घरात परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. रात्री दोन-तीनदा उठून कड्या तपासतात. एसटीत बसत नाहीत. यात्रेत, गणपतीत डॉल्बी सुरू झाली की मळ्यात निघून जातात. मिलिटरी कँटीनच्या कोट्याची रम आता रोज लागते. मी कुकर हे घराबाहेर पडल्यावरच लावते. मुलाला मित्र घरी आणू देत नाही. मागे एकदा झोपेत यांनी माझा गळा धरला. तेव्हापासून मी मुलीच्या खोलीत झोपते, आणि मला त्याची लाज वाटते. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. दोनदा देवऋषी करून झाला. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात.

माझा भाचा बॉस्टनला असतो. तिकडे माजी सैनिकांच्या याच दुखण्यावर संशोधन करणारं एक सरकारी केंद्र आहे, त्याच्या बातम्या तो मला फोनवर वाचून दाखवतो. बोलून बरं होतं म्हणे. चौदा वर्षांनंतरही? मिलिटरी हॉस्पिटलात दाखवलं तर पेन्शनला धक्का लागेल का? आणि हे वेडे आहेत का? हे कुणाला तरी विचारायचंच होतं.

— रात्रपाळीवाली, सातारा जिल्हा

*

रात्रपाळीवाल्या ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो लिहिताना तुमचा हात थांबला असणार. नाही, ते वेडे नाहीत. कड्या तपासणं, मोठ्या आवाजानं उठून जाणं, गर्दीच्या गाडीत न बसणं, ही सगळी कामं काश्मीरमध्ये त्यांना जिवंत ठेवत होती. नोकरी संपली, पण शरीराला ‘ड्युटी संपली’ असं कुणी सांगितलंच नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा पीटीएसडी या आजाराशी जुळतात. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. मात्र पत्र वाचून निदान करणं माझं काम नाही. ते मनोविकारतज्ज्ञच करतील, आणि त्यांच्यापर्यंत यांना कसं न्यायचं ते पुढे लिहिते.

भाचा सांगतो ते केंद्र म्हणजे अमेरिकेतलं नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडी. व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेल्या सैनिकांची घरंही तुमच्या घरासारखीच झाली होती, त्यातून ते उभं राहिलं. १९८० मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या दुखण्याला नाव मिळालं. १९८४ मध्ये त्यांच्या संसदेनं केंद्र काढायला सांगितलं आणि १९८९ मध्ये ते सुरू झालं. मुख्य कचेरी व्हरमाँट राज्यातल्या व्हाइट रिव्हर जंक्शन या छोट्याशा गावी आहे, आणि काही विभाग भाच्याच्या बॉस्टनमध्येच आहेत. तिथे रुग्ण दाखल करून घेत नाहीत. कोणता उपचार खरंच लागू पडतो ते शोधायचं आणि डॉक्टरांना शिकवायचं, हे त्यांचं काम. व्हिएतनामला गेलेल्यांची ऐंशीच्या दशकात मोठी पाहणी झाली. तिच्यात दर दहा पुरुष सैनिकांमागे साधारण तिघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार झाल्याचं दिसलं. आमच्या आजोळी दुसऱ्या महायुद्धातून परतलेले एक नाना होते, भिंतीला पाठ लावल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. आम्ही पोरं त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचो. आज त्याचं फार वाईट वाटतं.

आता चौदा वर्षांचं बोलू. इतका काळ गेला तरी हे जात कसं नाही, असं तुम्हाला वाटतं. काळानं जखम भरते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण या दुखण्यात नुसता काळ पुरत नाही. त्या दिवसाची आठवण आली की छाती धडधडते, म्हणून माणूस आठवण येऊ देत नाही. एसटी टाळली, यात्रा टाळली, बोलणं टाळलं, उरलेलं रमनं टाळलं. दर वेळी टाळलं की घटकाभर बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच मनाला पटवत राहतं की बाहेर खरंच धोका होता, आपण निघून गेलो म्हणून वाचलो. म्हणून चौदा वर्षांनंतरही तो रस्ता कालचाच असतो.

इथे मला तुमच्या कुकरबद्दल बोलायचंय. ताई, हे दोष देण्यासाठी नाही, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण जरा मागे सरून घराकडे बघा. कुकर ते बाहेर गेल्यावर. मुलाचे मित्र बंद. यात्रेला पाहुणे आले तर ‘हे मळ्यात गेलेत’ म्हणून तुम्हीच सांगणार. त्यांनी स्वतःभोवती एक कुंपण घातलं आणि त्याच्या बाहेरून दुसरं कुंपण तुम्ही घातलंत, मायेनं, एकेक काटी लावत. आता त्यात मुलगाही आहे, मुलगीही आहे. सैनिकांच्या जोडीदारांवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसलंय, की घरचे जितकं सांभाळून घेतात तितकं दुखणंही बहुधा जास्त असतं. ते कशामुळे वाढतं याचा हिशेब एका बाजूनं मांडता येत नाही. आधी आजार वाढतो मग आपण जास्त सांभाळतो, आणि सांभाळलं की तो आणखी वाढतो, असं ते चक्र आहे.

म्हणून उद्या सकाळी मुद्दाम कुकर लावायला जाऊ नका. न सांगता आवाज करणं म्हणजे धक्का देणं, त्यातून बरं कुणी होत नाही. ते शांत असतील तेव्हा, आदल्या दिवशी सांगा, ‘उद्यापासून मी कुकर तुम्ही घरात असताना लावणार आहे. लावायच्या आधी सांगेन, तीन शिट्ट्या होतील.’ मग खरोखर सांगून लावा. त्यांना परसात जायचं असेल तर जाऊ द्या. मुलाच्या मित्रांचंही असंच, एकच मित्र, ठरवलेल्या वेळी, आधी सांगून. यापलीकडची पायरी मात्र उपचार करणाऱ्याला विचारूनच.

कारण खरा उपचार हेच करतो, फक्त नीट, बेतानं आणि शिकलेल्या माणसाच्या सोबतीनं. भाचा ‘बोलून बरं होतं’ म्हणतो ते नुसतं मन मोकळं करणं नव्हे. दोन पद्धती सगळ्यांत जास्त तपासल्या गेल्यात. एकीत रुग्ण त्या दिवसाची हकिगत उपचारकासमोर पुन्हा पुन्हा, बारीक तपशिलासकट सांगतो, तिचं रेकॉर्डिंग घरी ऐकतो, आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीनं जातो. दुसरी साधारण बारा बैठकांची असते. तिच्यात त्या दिवसाबद्दल मनात घट्ट बसलेलं एखादं वाक्य उचलून तपासतात. यांच्या मनात काय आहे मला ठाऊक नाही. पण जागा बदललेला माणूस चौदा वर्षं गप्प आहे, म्हणजे ‘तिथे मी असायला हवा होतो’ असं काहीतरी आत रुतलं असण्याची मला दाट शंका येते. तसं असेल तर ‘तुमची काय चूक’ असं आपण हजारदा म्हटलं तरी ते निघत नाही. जागा बदलताना त्यांना काय माहीत होतं आणि काय माहीत असणं शक्यच नव्हतं, हे त्यांनी स्वतः शोधावं लागतं. पलटणवाल्यानं तुम्हाला सांगितलंय हे त्यांच्यापुढे काढू नका आणि ती हकिगत काढून घ्यायचा प्रयत्नही करू नका. ते काम बायकोचं नाही.

या दोन पद्धतींची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतली १७ सरकारी रुग्णालयं, ९१६ माजी सैनिक. दोन्हींनी लोकांचा त्रास कमी झाला, पहिलीनं किंचित जास्त, पण व्यवहारात फरक पडावा इतका नाही. दुसरी गोष्ट भाच्यानं कदाचित वाचून दाखवली नसेल. जवळपास निम्म्या लोकांनी उपचार पूर्ण केला नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर हे ‘बास झालं, आता जात नाही’ म्हणतील, झोप आणखी बिघडेल, तेव्हा तुम्हाला वाटेल की उपचार उलटला. बहुतेक वेळा तसं नसतं, अवघड वळण तिथेच असतं. त्या आठवड्यात त्यांना एकटं सोडू नका. दिराला, पलटणवाल्या मित्राला आधीच सांगून ठेवा. आणि हो, दशकं उलटून गेल्यावर उपचाराला बसलेल्यांनाही गुण आलेला आहे.

झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी नीट बघा. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं आणि संरक्षण खात्यानं २०२३ मध्ये उपचारांच्या ज्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांच्यात बोलण्याचे उपचार औषधांच्या आधी ठेवलेत. नैराश्यावर देतात त्यांतली काही औषधं चालतात असं म्हटलंय. पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या या आजारात देऊ नयेत असं स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे त्याच सर्रास दिल्या जातात, याचा मला राग येतो. यांच्या गोळ्या त्या जातीच्या असतील तर त्या आणि रम एकत्र घेणं जिवावर बेतू शकतं. तरी स्वतःच्या मनानं गोळी एकदम बंद करू नका, त्यानंही झटके येऊ शकतात. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक तोडली तरी तोच धोका असतो. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

बंदुकीचं मात्र या आठवड्यात करा. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. अमेरिकेत आत्महत्या करणाऱ्या माजी सैनिकांपैकी बहुतेक जण बंदुकीनं करतात. मन एका रात्रीपुरतं बुडतं, हाताशी साधन नसेल तर ती रात्र निघून जाते. त्यांच्याशी भांडून किंवा लपवून नाही, स्पष्ट सांगून, ‘तुम्ही बरे होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करू.’ फौजी माणसाला हत्यार कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, ठेवणं समजतं. आणि त्यांना सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं कधी मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारल्यावर पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पेन्शनची भीती काढून टाका. ती त्यांनी केलेल्या सेवेची आहे, निवृत्तीनंतर मनाचा उपचार घेतला म्हणून ती थांबत नाही. कारखान्यावर हत्यारी ड्युटी असेल तर तेवढी बदलून मागावी लागेल, हे मात्र खरं. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे ना? साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल मागा, मग ते मिलिटरी हॉस्पिटल असो वा यादीतलं खासगी. पुण्याला कमांड हॉस्पिटल आहेच. तिथे शब्द नेमके वापरा. ‘झोप येत नाही’ म्हणालात तर गोळीच मिळेल. ‘काश्मीरमधल्या स्फोटानंतरचा त्रास आहे, पीटीएसडीसाठी तपासा, आणि बोलण्याचा उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ कोण आहेत?’ असं विचारा. या पद्धती शिकलेली माणसं आपल्याकडे थोडी आहेत, शोधायला दोन-तीन खेपा पडतील. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्षही डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. पहिला फोन तुम्ही स्वतःसाठी करा. इतकी वर्षं तुम्हीही झोपलेल्या नाहीत.

त्यांना सांगायचं कसं? ‘तुम्हाला मनाच्या डॉक्टरकडे नेते’ म्हणालात की संपलं. तुम्ही जे पाहता तेवढंच बोला. ‘तुम्ही रात्री तीनदा उठता, मी जागी असते. पायाला गोळी लागली असती तर मिलिटरी हॉस्पिटलात गेलाच असता. हेही तिथलंच लागलेलं आहे.’ नाही म्हणतील. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणा. शक्य असेल तर पलटणवाल्या त्या मित्राला घेऊन जा, बायकोचं न ऐकणारा फौजी पलटणवाल्याचं ऐकतो.

सासूबाईंशी देवऋषीवरून वाद घालत बसू नका. अंगारा त्यांना लावायचा असेल तर लावू दे, गाडी तेवढी साताऱ्याला जाऊ दे. मुलांना मात्र आजाराचं नाव सांगा. मुलाला बहुतेक वाटत असेल की बाबा आपल्यावर चिडतात.

राहिली झोपायची गोष्ट. वेगळ्या खोलीत झोपता यात लाज वाटण्यासारखं काही नाही, गळा धरला गेल्यावर दुसरीकडे झोपणं हा शहाणपणा आहे. उपचारानं स्वप्नं कमी होईपर्यंत तसंच राहू द्या, पण त्यांना सांगून. ‘रागावून नाही, झोपेत तुमचा हात उठतो म्हणून.’ ते रात्री ओरडले तर जवळ जाऊन हलवू नका. दारातूनच दिवा लावा, पायथ्याशी लांब उभं राहून नावानं हाक मारा. डोळे उघडले की म्हणा, ‘घरी आहात. मी आहे. मुलं झोपलीत. पाणी आणू?’ आणि त्यांनी स्वतः हात पुढे केला तरच जवळ जा.