वाहन-शंका : स्टीरिओ बदलावा की तारा तपासाव्यात?

प्रश्न : माझी मारुती ८०० सन १९९९ची आहे. किल्ली काढली की स्टीरिओचे घड्याळ आणि साठवलेली स्टेशने पुसली जातात. शिवाय गतिरोधकावरून जाताना आवाज क्षणभर बंद पडतो. दुकानदार नवा स्टीरिओ घ्या म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तूर्त घेऊ नये. ही दोन्ही लक्षणे तारांकडे बोट दाखवतात, आणि त्या तशाच राहिल्या तर नवा स्टीरिओही असाच वागेल.

बाजारातील बहुतेक स्टीरिओंना पिवळी तार बॅटरीचा कायमचा पुरवठा देते व त्यावरच स्मृती टिकते, लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होते आणि काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडायची असते. गाडीच्या मूळ तारांचे रंग निराळे असू शकतात, म्हणून केवळ रंग पाहून जोडणी करू नये. स्मृती पुसली जाते याचा अर्थ बहुधा पिवळ्या तारेचा फ्यूज उडाला आहे किंवा पूर्वी कोणीतरी पिवळी व लाल एकत्र पिळून किल्लीच्या पुरवठ्यावर जोडली आहे. जुन्या गाड्यांत हा दुसरा प्रकार बराच आढळतो.

तपासताना केवळ मल्टीमीटरवर विसंबू नये. मीटर नगण्य प्रवाह घेत असल्याने, गंजून एकाच धाग्यावर तगलेली तारही त्यावर १२ व्होल्ट दाखवते. त्याऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावावा; तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, त्यामुळे कच्चा जोड असेल तर तो मंद पेटतो. किल्ली काढलेली असताना पिवळ्या तारेवर हा बल्ब लख्ख पेटला पाहिजे.

गतिरोधकावरील खोडीसाठी आधी अर्थ पाहावी. स्टीरिओ चालू ठेवून अँटेनाची पिन उपसावी. रेडिओ गप्प होणे स्वाभाविक आहे. परंतु डिस्प्लेही विझला, तर काळी तार तुटलेली असून स्टीरिओ अँटेनाच्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून अर्थ घेत होता असे समजावे. काळ्या तारेला थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून ती रंग खरवडलेल्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावी. थिंबल आणि फ्यूजहोल्डर नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात.

जोडकाम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. फ्यूज स्टीरिओवर लिहिलेल्या क्षमतेचाच घालावा. त्याच्या जागी चांदीचा कागद गुंडाळण्याचा जुना ‘जुगाड’ तारांना आग लावू शकतो.