नेदरलँड्सचे पंतप्रधान विम कॉक यांनी २००२ मध्ये निवडणूक महिन्यावर आलेली असताना राजीनामा का दिला? तो देखावा नव्हता का?

देखावा नव्हता. पुन्हा उभं राहणार नाही हे कॉकनी २००१ मध्येच सांगितलं होतं, त्यामुळे गमावण्यासारखं काही नव्हतं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. तरीही जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले डच सैनिक राखणीला असताना बोस्नियातलं स्रेब्रेनिका हे गाव सर्ब फौजेच्या हाती पडलं, सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलं मारली गेली, आणि त्याचा अहवाल १० एप्रिल २००२ ला आल्यावर सहा दिवसांत अख्खं मंत्रिमंडळ गेलं. संयुक्त राष्ट्रांकडे बोट दाखवून सुटता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही.

पण मला कॉक म्हटलं की १९८२ आठवतं. तेव्हा हा सुताराचा मुलगा एफएनव्ही या सगळ्यात मोठ्या कामगार महासंघाचा अध्यक्ष होता. बेकारी भडकलेली, सरकार पगार गोठवायच्या तयारीत. मालकांच्या संघटनेचे प्रमुख ख्रिस व्हान व्हेन यांच्या वासेनारच्या घरी बोलणी झाली आणि नोव्हेंबरात करार झाला. महागाईबरोबर पगार आपोआप वाढायचा, तो हक्क कामगारांनी सोडायचा. बदल्यात कामाचे तास कमी करून जास्त लोकांना काम. आपल्या भाषेत सांगायचं तर डीएवर पाणी सोडलं. त्याच वर्षी मुंबईत गिरणी संप चालू होता आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होते. १९९८ साली मालकाने कामावरून काढायच्या ४३ जणांची यादी लावली. बाबांनी दोन वर्षं डीए गोठवायला मान्यता दिली आणि यादी फाडायला लावली. आदल्या रात्री ते पगाराच्या स्लिपच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशोब करत बसले होते, प्रत्येकाचे महिन्याला किती जातील याचा. मी शेजारी अभ्यासाचं निमित्त करून जागा. दुसऱ्या दिवशी गेटवर काकानेच, सख्ख्या भावाने, सगळ्यांसमोर त्यांना मालकाचा चमचा म्हटलं. त्या वर्षी काका गणपतीला आला नाही. आरतीला झांज नेहमी त्याच्या हातात असायची. ती कपाटावरच राहिली.

म्हणून सांगतो, तडजोड म्हणजे गद्दारी हे म्हणणाऱ्यांनी कधी ४३ नावं वाचलेली नसतात. संप करायला धमक लागते हे खरंच, पण आपल्याच लोकांना ‘एवढं सोडा’ म्हणायला त्याहून जास्त लागते. कॉक यांच्याकडे ती होती, म्हणूनच पुढे १९९४ पासून आठ वर्षं त्यांनी मजूर पक्ष आणि उदारमतवाद्यांना एका सरकारात नांदवलं.

एक मात्र मान्य करायला हवं. १९९१ मध्ये अर्थमंत्री असताना अपंगत्व भत्त्याला कात्री लावली तेव्हा त्यांच्याच पक्षातले लोक सोडून गेले, आणि त्यांचा राग रास्त होता. पंतप्रधान असताना बड्या अधिकाऱ्यांच्या पगारांवर तोफ डागली आणि निवृत्तीनंतर आयएनजी बँकेच्या देखरेख मंडळावर बसून तशाच पगारवाढीला होकार दिला. ते मला पटलेलं नाही. बाबांनाही पटलं नसतं.

त्या यादीत काकाचं नाव अकराव्या नंबरवर होतं. बाबांनी हे त्याला कधीच सांगितलं नाही. मी आज लिहितो आहे, त्याने वाचलं तर वाचू दे.