ऑकलंडमध्ये मुलीजवळ, पण मुलीच्या घरात नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सदुसष्टच्या, यजमान सत्तरचे, दोघंही हिंडतेफिरते. मुलीमुळे पेरेंट रेसिडेंट व्हिसा, म्हणजे न्यूझीलंडमध्ये कायम राहण्याची परवानगी, मिळालाय. आता कोथरूडचा फ्लॅट विकून ऑकलंडच्या एखाद्या रिटायरमेंट व्हिलेजमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत, जागा घ्यावी का? म्हणजे मुलीच्या संसारात लुडबुड नको आणि रात्रीबेरात्री काही झालं तर मदतही हाताशी. आम्ही दोघं असल्याच एका व्हिलेजमध्ये राहतो, त्याआधी इथे बरीच वर्षं नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. कल्पना उत्तम आहे, पण आल्या आल्या नको. आणि फ्लॅट विकून तर मुळीच नको.

पुण्यात तुम्ही अथश्री पाहिलं असेल, निदान ऐकलं असेल. तिथे ज्येष्ठांसाठी बांधलेला फ्लॅट आपण विकत घेतो, तो आपल्या नावावर होतो, उद्या मुलांना जातो. न्यूझीलंडमध्ये बहुतेक व्हिलेजेसचा मामला पूर्ण वेगळा आहे. तुम्ही मोठी रक्कम भरता आणि त्या बदल्यात तुम्हाला तिथे राहण्याचा हक्क मिळतो. त्या कराराला ऑक्युपेशन राइट अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, बोलताना सगळे ओआरए म्हणतात. जमीन कंपनीची, भिंती कंपनीच्या, छपरातून गळलं तर दुरुस्तीही बहुतेक ठिकाणी कंपनीची. तुम्ही निघालात, किंवा वर गेलात, की कंपनी ती जागा पुढच्या माणसाला देते आणि तुमचे पैसे परत करते. सगळे नाही. त्यातून डिफर्ड मॅनेजमेंट फी कापून घेते. इथे आलेल्या आपल्या लोकांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो या फीचा, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो.

समजा दोन बेडरूमच्या व्हिलासाठी, म्हणजे स्वतंत्र घरासाठी, तुम्ही सात लाख न्यूझीलंड डॉलर भरले. फी दर वर्षी सहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के. (बाजारात साधारण वीस ते तीस टक्के अशी कमाल मर्यादा दिसते, ती काही वर्षांत पूर्ण भरते.) तीन वर्षांनी तुमचं मन बदललं, तर 1,26,000 डॉलर कापून 5,74,000 हातात. पाच वर्षांनी निघालात तर 2,10,000 गेले, 4,90,000 उरले. त्यानंतर दहा वर्षं राहा की वीस, कापणी तेवढीच. म्हणजे लांबचा मुक्काम करणाऱ्याला हे परवडतं, लवकर निघणाऱ्याला चांगलंच महागात पडतं. दरम्यान तीच जागा कंपनीने पुढच्याला नऊ लाखांना दिली, तर वरचे दोन लाख बहुतेक करारांत कंपनीचेच. किंमत वाढल्याचा फायदा तुम्हाला नाही. शिवाय दर आठवड्याला वेगळी फी असते, त्यात बाग, सुरक्षा, इमारतीचा विमा, घरपट्टी असं सगळं येतं. काही ठिकाणी ही फी करार केल्या दिवशी ठरते आणि तहहयात तीच राहते. दोन व्हिलेजेसमध्ये बाकी सगळं सारखं असेल, तर मी डोळे मिटून तहहयात फीवालं निवडेन. पेन्शन वाढत नसलेल्या माणसाला स्विमिंग पुलापेक्षा त्याचा जास्त उपयोग.

मग लोक यात पडतात कशाला? तर व्यवस्था खरोखर चांगली आहे म्हणून. घराचं दार आपलं, किल्ली आपली, स्वयंपाक आपला. न्हाणीघरात आणि पलंगाशेजारी बेल, गळ्यात किंवा मनगटावर एक बटण. दाबलं की कुणीतरी बोलतं, गरज पडली तर येतं. न्हाणीघरात दोरी असेल तर ती जमिनीपर्यंत लोंबलेली हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. आमच्या शेजारच्या आजी ती पायात येते म्हणून गाठ मारून वर टांगून ठेवायच्या आणि नर्स दर भेटीत ती सोडून जायची. मोठ्या कंपन्यांच्या, म्हणजे रायमन, समरसेट, मेटलाइफकेअर वगैरेंच्या, बऱ्याच व्हिलेजेसमध्ये एकाच आवारात पायऱ्या असतात. आधी स्वतंत्र व्हिला किंवा अपार्टमेंट. मग सर्व्हिस्ड अपार्टमेंट, जिथे जेवण, साफसफाई, कपडे धुणं विकत मिळतं. मग रेस्ट होम, जिथे देखभालीला माणसं असतात, त्यापुढे हॉस्पिटल पातळीची शुश्रूषा, कुठे कुठे स्मृतिभ्रंशाचा वेगळा विभाग. एकाला शुश्रूषा लागली तरी दुसरा त्याच आवारात राहतो, रोज चालत जाऊन भेटतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यासाठी मी बाकी पुष्कळ सहन करायला तयार आहे.

फक्त ती पायरी चढताना काय होतं ते आधी विचारा. व्हिलातून सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये गेलात तर नवा ओआरए होतो का? फी पहिल्यापासून पुन्हा सुरू होते, की आधी कापलेली धरतात? शुश्रूषेच्या खोलीवर तुमचा पहिला हक्क आहे, की जागा असेल तर मिळेल? आणि घर रिकामं झाल्यावर, पुढचा माणूस मिळेपर्यंत पैसे अडकतात ते किती काळ, तोवर आठवड्याची फी चालू राहते का? या शेवटच्या मुद्द्यावर इथे बरीच बोंब आहे. सरकारने 2023 मध्ये कायद्याच्या फेरविचारासाठी लोकांची मतं मागवली तेव्हा हाच विषय गाजत होता. विक्री विभागातली मुलगी गोड हसून "तशी वेळ सहसा येत नाही" म्हणेल. तिला म्हणा, करारात कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखव.

कायदा तसा ग्राहकाच्या बाजूचा आहे. 2003 चा रिटायरमेंट व्हिलेजेस अ‍ॅक्ट सांगतो की सही करण्याआधी तुम्ही स्वतःच्या, स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे, आणि त्या वकिलाने तसं लिहून द्यावं लागतं. सही केल्यावरही कामाचे 15 दिवस तुम्ही कारण न देता माघार घेऊ शकता. माहितीपत्रक, म्हणजे डिस्क्लोजर स्टेटमेंट, आधी द्यावंच लागतं. जाडजूड असतं, पण वाचा. वकील कंपनीने सुचवलेला घेऊ नका. मुलीच्या घराचं काम केलेलाही नको, त्याला हा विषय रोजचा नसेल तर उपयोग नाही.

आता तुमच्या वयाचं. बऱ्याच व्हिलेजेसमध्ये प्रवेशाचं किमान वय 70 किंवा 75 असतं, आणि लोक प्रत्यक्षात येतात ते बहुधा पंचाहत्तरी उलटल्यावर. तुमच्या सदुसष्टला शेजार ऐंशी-पंच्याऐंशीचा असेल. माणसं लाघवी असतात, सकाळी दहाच्या चहाला हाका मारून नेतील, शुक्रवारी संध्याकाळी वाइनचा पेला पुढे करतील. पण नव्या देशात पाय रोवायचे, बस शिकायची, इंग्रजीचा कान तयार करायचा, ओळखी करायच्या, हे सगळं गावात राहून होतं, कुंपणाआड नाही. सँडरिंगहॅम, बालमोरल रोडचं भारतीय मंदिर, मराठी मंडळाचा गणपती, हे सगळं जिथून बसने गाठता येईल अशा ठिकाणी आधी राहा. नवी व्हिलेजेस बरीचशी शहराच्या कडेला असतात. त्यांची व्हॅन ठरलेल्या दिवशी सुपरमार्केटला नेते आणि परत आणते. गाडी चालवत नसाल तर ते नकाशावर दिसतं त्याहून लांब वाटतं. 65 वरच्या निवासींना सुपरगोल्ड कार्ड मिळतं, त्यावर ऑकलंडमध्ये सकाळी 9 नंतर बस आणि ट्रेन फुकट. ते आधी करून घ्या.

पहिली दोन-तीन वर्षं भाड्याने राहा, मुलीच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिची जागा मोठी असेल तर मागच्या अंगणात छोटं घर हाही पर्याय आहे. 2026 च्या सुरुवातीपासून 70 चौरस मीटरपर्यंतच्या साध्या, एकमजली, सुट्या घराला ठरावीक अटी पाळल्या तर बांधकामाची परवानगी लागत नाही. दार वेगळं, चूल वेगळी, नातवंडं दहा पावलांवर. मात्र पैसे तुमचे आणि जमीन मुलगी-जावयाची, म्हणून कोणाचं काय ते वकिलाकडून लिहून घ्या. जावई कितीही भला असो. त्याच्या भलेपणाचा आणि कागदाचा काही संबंध नाही.

बेलचं बटण हवं म्हणून व्हिलेजमध्ये जायची गरज नाही. सेंट जॉन या रुग्णवाहिका संस्थेचा मेडिकल अलार्म घरी बसवून मिळतो. पुढे खरंच मदत लागू लागली, तर फॅमिली डॉक्टरमार्फत गरजांची तपासणी होते, तिला नीड्स असेसमेंट म्हणतात. त्यावरून अंघोळ, कपडे घालणं अशा गोष्टींसाठी सरकारी खर्चाने माणूस घरी येऊ शकतो. तुम्ही रेसिडेंट व्हिसावर आहात, म्हणून सरकारी आरोग्यसेवा तुम्हाला लागू आहे. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: पेरेंट बूस्ट नावाचा जो पाच वर्षांचा व्हिजिटर व्हिसा 2025 च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला, त्यावर ही सेवा मिळत नाही, स्वतःचा आरोग्य विमा घ्यावाच लागतो. त्या व्हिसावर येऊन व्हिलेजमध्ये पैसे गुंतवण्याचा विचारही करू नका.

पैशांचं थोडं आणखी. इथल्या सरकारी पेन्शनचा हिशोब आत्ता धरू नका. त्यासाठी किमान 10 वर्षं राहावं लागायचं, ते जन्मसालानुसार टप्प्याटप्प्याने 20 कडे चाललंय. त्याच काळात तुमची जबाबदारी प्रायोजक म्हणून मुलीवर आहे, तिने तसं लिहून दिलेलं असतं. म्हणून कोथरूडचं भाडं आणि बँकेची पेन्शन हाच तुमचा आधार. नव्याने आलेल्यांना साधारण पहिली चार वर्षं परदेशातल्या भाड्या-व्याजावर इथे कर माफ असतो, त्यानंतर लागतो. तेव्हा कागद अकाउंटंटला दाखवा. फ्लॅट आत्ता विकून सगळी रक्कम इथे आणायची म्हटलं, तर भारताच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांच्या वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतलेला आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर जुळवता येतो, पण पैसे तोवर अडकतात. एनआरआय झाल्यावर विकलात तर नियम वेगळे, एनआरओ खात्यातून (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं) वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात, मात्र घेणाऱ्याला टीडीएस जास्त कापावा लागतो. दोन्हींत काही अशक्य नाही. पण सात लाख न्यूझीलंड डॉलर म्हणजे साधारण साडेतीन-पावणेचार कोटी रुपये. एवढे पैसे, ज्यातले तीस टक्के परत येणार नाहीत, ते देश अंगवळणी पडण्याआधी कुठेही ठेवू नयेत.

जेवणाचं विचारलंत. स्वतंत्र व्हिलात काही अडचण नाही, हवं ते करा. सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये ओटा अगदी नावाला असतो, कुठे कुठे फक्त मायक्रोवेव्ह आणि किटली. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी तिथे मोहरी-हिंगाची फोडणी टाकली, तर बाहेरच्या बोळातला धुराचा अलार्म वाजून अख्खा मजला लॉनवर. आता त्यांची सून आठवड्याची आमटी डब्यांत भरून आणून फ्रीझरमध्ये ठेवते. सार्वजनिक जेवण मऊ, गोडसर, मीठ बेतानेच. रेस्ट होममध्ये रात्रीचं ताट संध्याकाळी पाचला येतं. शाकाहारी म्हटलं की चीज आणि अंडं हे गृहीत. यजमान कांदा-लसूण खात नाहीत असं लिहिलंत, तर ते प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघरात जाऊन समजावून सांगायची तयारी ठेवा. पाहुण्यांचंही विचारा. पुण्याहून बहीण महिनाभर राहायला आली तर चालेल का? बऱ्याच करारांत रात्री राहण्याला मर्यादा असते आणि पुढे परवानगी लागते.

आल्यावर पहिल्या काही महिन्यांत दोन कामं मात्र उरका. इथलं मृत्युपत्र आणि दोन्ही प्रकारचे मुखत्यारपत्र, मालमत्तेसाठी एक आणि प्रकृती-देखभालीसाठी दुसरं. भारतातलं कुलमुखत्यारपत्र इथे त्या कामाला येत नाही, आणि पुढे व्हिलेज ते मागणारच. हे दोघांचंही डोकं शाबूत असताना करायचं असतं, म्हणून घाई.

आणि व्हिलेजेस बघायला जरूर जा, घ्यायचं नसलं तरी. ओपन डेला नको, तेव्हा केक आणि फुगे असतात. मंगळवार-बुधवारी दुपारी चारच्या सुमारास जा, लाउंजमध्ये कोण बसलंय ते पाहा, रहिवासी समितीतल्या कुणाशी तरी कंपनीचा माणूस शेजारी नसताना बोला. आमच्याकडे आलात तर मी आमचा करारच तुमच्यापुढे ठेवीन, पेन्सिलने खुणा केलेला.