नशा येत नाही म्हणतात, मग मायला पाल्याचा रस द्यावा का?

संधिवात, मिरगी, कॅन्सर असं लांबलेलं दुखणं ज्या घरात आहे, तिथून हा प्रश्न हल्ली सारखा येतो : "कच्च्या गांजात नशा नसते, त्याचा रस दुखण्यावर चालतो म्हणतात. देऊन बघू का?" विचारणारी माणसं व्यसनी नसतात. घरातल्या कुणाचा तरी त्रास रोज डोळ्यांनी बघून ती टेकीला आलेली असतात. औसा तालुक्यातल्या एका मायलेकांची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माय साठीची. आमवात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत, भाकरी थापणं सुटलेलं. लेक मोबाइलवर व्हिडिओ दाखवत म्हणाला, "मॅडम, गोळ्या खाऊन काहीच फरक नाही. उलट केस गळायलेत. ह्यात नशा तर येत नाही म्हणायलेत. एकजण पाला आणून देतो म्हणलाय."

तो ऐकीव गप्पा मारत नव्हता. गांजाच्या ताज्या, कच्च्या झाडात नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, फार थोडं असतं. असतं ते बहुतांशी टीएचसीए, म्हणजे त्याचं आम्लरूप. हे आम्ल मेंदूवर नशेचा परिणाम करत नाही. प्रयोगशाळेत त्याचे सूज कमी करणारे गुण दिसले आहेत. आमवातासारखा आजार मुद्दाम घडवलेल्या उंदरांमध्ये सांध्यांची सूज उतरल्याचंही संशोधकांनी मांडलं आहे. हे मी त्याला आधीच सांगून टाकलं. "सगळं खोटं आहे" म्हणून उडवून लावलं, की माणूस पुन्हा विचारायला येत नाही आणि गुपचूप देतो.

पण उंदरांना दिलेलं असतं ते शुद्ध केलेलं आणि मोजलेलं टीएचसीए. पेलाभर रसात ते किती उतरतं, कुणालाच सांगता येणार नाही. आमवाताच्या रुग्णांवर त्याच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. शिवाय हे आम्ल टिकाऊ नाही. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नशा आणणारं टीएचसी उरतं. पाला नुसता वाळत किंवा साठवून ठेवला, तरी हा बदल हळूहळू होतच राहतो. कुणी प्रेमाने तो पाला दुधात उकळून दिला, की ती सरळ भांगच झाली. साठीच्या बाईला त्यातून चक्कर येते, छाती धडधडते, तोल जाऊन पडली तर खुब्याचं हाड मोडतं.

"अमेरिकेत तर औषध म्हणून मान्यता मिळाली," तो म्हणाला. 2018 मध्ये तिथे मान्यता मिळाली ती सीबीडी या गांजाच्या झाडातल्याच, पण वेगळ्या घटकाच्या शुद्ध औषधाला, मिरगीच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी. तेही मोजून देतात, आणि यकृताच्या तपासण्या करत राहावं लागतं. दुकानात मिळणारं हेम्पच्या, म्हणजे याच जातीच्या झाडाच्या, बियांचं तेल आणखी वेगळं. आपल्याकडे 2021 पासून त्याला अन्न म्हणून परवानगी आहे, पण टीएचसीए असतं फुलांच्या आणि पानांच्या चिकात, बियांत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगितलं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. विनापरवाना झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. नुसत्या पानांची भांगही महाराष्ट्रात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तुरीत चार झाडं लावून घरापुरतं भागवू, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडावा.

एवढं सगळं बोलणं चाललं होतं आणि माय गप्प होती. मी लेकाला थांबवलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला कुठं कुणी इचारलं?" म्हणत तिने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. आमवातावरच्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्झेट या गोळीचं पाकीट जवळजवळ भरलेलं. ती गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी अन्न बघवत नाही, म्हणून तिने सोडून दिलेली. सोबतची छोटी पिवळी गोळी, फोलिक अॅसिडची, "ही कशाची" म्हणून कधी घेतलीच नव्हती. मळमळ आणि केस गळणं यांसारखे त्रास कमी व्हावेत म्हणूनच ती दिलेली असते. लेक एवढा पैसा घालायलाय, त्याला कसं सांगावं, या संकोचाने ती गप्प राहिली होती.

लेक पाकिटाकडे बघतच राहिला. गोळी लागू पडत नाही असं तो समजत होता, आणि गोळी पोटात जातच नव्हती. या औषधाचा गुण दिसायलाही साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. मधल्या काळात आमवात सांधे झिजवत राहतो आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. मला खरी काळजी वाटते ती याची. रसाच्या भरवशावर चालू औषध बंद पडलं, तर गेलेले महिने भरून निघत नाहीत.

दोघांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवलं. तिथे जाऊन मळमळीचं मायनेच सांगायचं, लेकाने नाही, एवढं मात्र मी बजावलं. डॉक्टरांनी फोलिक अॅसिडचे दिवस ठरवून दिले, यकृताची तपासणी केली, आठवड्याची ती गोळी रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितलं. पुढच्या खेपेला ती एकटीच एसटीने आली. बोटं अजून आखडतात, पण सकाळचा चहा आता स्वतः करते म्हणाली.

आयुर्वेदातली विजया, म्हणजे भांगच, घ्यायची इच्छा असेल, तर नोंदणीकृत वैद्यांना विचारा आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांना दाखवा. औषध नियमांच्या यादीत भांग विषारी द्रव्यांमध्ये आहे. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असते. आणि घरात कुणी आधीच रस घेतला असेल, तर किती, कधीपासून, हे डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून नको, असं वाटत असेल तर तसं आम्हाला सांगा. आम्ही सोबत येऊन बोलतो.