हलत्या बोटीवरचा भात

प्रश्न : आम्ही चौघे चाळीस फुटी शिडाच्या बोटीने कॅनरी बेटांहून कॅरिबियनला निघतोय, साधारण २१ दिवस. पाणी किती घ्यावं? वाटेत वरण-भात जमेल का?

उत्तर : जमेल, आणि रोज करावाच, गरम जेवणावर रात्रीचे पहारे निभतात. पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे ३३६ लिटर. वारा पडला की प्रवास लांबतो, म्हणून निम्मं आणखी : ५०४. सगळं एकाच टाकीत नको. पाइपाचा एक जोड सुटला तर सगळं पाणी बोटीच्या तळाशी जातं. निदान ८० लिटर, म्हणजे पाच दिवसांचं, कॅनमध्ये बांधून ठेवा.

अंडी, बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडा. भाताला मात्र दहा भागांत एकच भाग खारं पाणी. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि भात ते सगळं शोषतो.

बोट कलली तरी झुलती शेगडी सपाट राहते, पण आडव्या लाटेने भांडं उडतंच. म्हणून कुकर : झाकण लागलेलं, सांडायची भीती कमी. अर्ध्याच्या वर भरू नका. डाळीचा फेस चढून शिट्टीचं छिद्र बुजतं. उकाडा असला तरी जाड रबरी एप्रन हवाच. भाजलं तर डॉक्टर हजार मैल दूर!

सर्वांत जपायचं गॅसला. तो हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीने भडकतो. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरची चावी बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मगच शेगडीचं बटण फिरवा.